मालकाला बिअरने आंघोळ घालणारा कामगार

जुलै २०२४ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन भरलं होतं. ट्रम्प उमेदवारी स्वीकारणार त्या शेवटच्या रात्री मंचावर सत्तरीला टेकलेला, पिवळ्या मिशांचा एक दांडगा माणूस आला. बोलता बोलता त्याने कोट उतरवला आणि अंगातला बनियन टरकन फाडला. आत लाल बनियन, त्यावर ट्रम्प आणि व्हान्स यांची नावं. सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी.

मधल्या सुट्टीत डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकी कुस्ती कंपनीचे पत्ते खेळलेल्या पिढीने कुस्तीगीर हल्क होगनला लगेच ओळखलं. (उंची, वजन, छाती, रँक. एक नंबरच्या रँकचा पत्ता हातात आला की अर्धा डाव जिंकलाच.) बाकीच्यांना कोडं पडलं, की एवढ्या मोठ्या पक्षाच्या व्यासपीठावर हा कपडेफाडू प्रकार कशाला? पुढच्या वर्षी तर लिंडा मॅकमन ट्रम्प यांच्या शिक्षणमंत्री झाल्या. होगनला ज्या कुस्ती कंपनीने मोठं केलं, तिच्याच त्या माजी मुख्य कार्यकारी अधिकारी.

या नात्याची मुळं जुनी आहेत. अमेरिकेतला साधा माणूस कोणत्या काळात कशावर चिडला होता, हे तिथल्या कुस्तीच्या रिंगणात फार स्वच्छ दिसतं. ते कसं, ते पाहू.

## आधी हे आहे तरी काय?

आमचे आजोबा तरुणपणी जत्रेत नारळावर कुस्त्या केलेले. टीव्हीवरचं हे प्रकरण त्यांनी दहा मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "अरे, तो पट काढायला येतोय आणि हा उभा राहून वाट बघतोय. झोपला का?" त्यांचं निदान बरोबर होतं. कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असतं. पडणं, आपटणं आणि त्यातली दुखापत मात्र पुष्कळदा खरी असते.

मग ही नुरा कुस्तीच की. पण एक फरक आहे. नुरा कुस्तीत दोन पैलवान आतून संगनमत करतात आणि प्रेक्षक फसतो. इथे प्रेक्षकालाही सगळं ठाऊक असतं. डब्ल्यूडब्ल्यूएफ कंपनीने तर १९८९ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे सरळ मान्य केलं, की हा खेळ नाही, करमणूक आहे. कारण व्यवहारी होतं. खऱ्या क्रीडास्पर्धांना लागू होणारे नियम आणि कर त्यांना टाळायचे होते.

जवळची उपमा हवी तर कोकणातला किंवा गोव्यातला दशावतार घ्या. काळा संकासुर मंडपात येतो, पोरं आईच्या पदराआड लपतात, आणि तो शेवटी मरणार हे शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही माहीत असतं. कथानक ठरलेलं, संवाद मात्र नट जागच्या जागी रचतात. त्या जागेवरच्या संवादात गावचा सरपंच येतो, खड्ड्यांचा रस्ता येतो. अमेरिकी कुस्तीचंही असंच आहे. फक्त तिथे देवळापुढच्या मंडपाऐवजी वीस हजारांचं स्टेडियम असतं.

या धंद्यातले तीन शब्द माहीत असलेले बरे. खलनायकाला तिथे हील म्हणतात, नायकाला बेबीफेस, आणि रिंगणाबाहेरही सोंग न सोडण्याच्या रीतीला केफेब. आपण यापुढे खलनायक आणि नायकच म्हणू.

## गोष्ट नेमकी कोण लिहितं?

कागदावर कंपनीचे लेखक लिहितात. पण हा कार्यक्रम आठवड्याला असतो, वर्षाचे बावन्न आठवडे, आणि बहुतेक वेळा थेट गर्दीसमोर. मालिकेच्या लेखकाला प्रेक्षकाचं मत टीआरपीच्या आकड्यांतून कळतं. इथे ते त्याच क्षणी कानावर आदळतं. नवा खलनायक आणला आणि लोक शिव्या घालण्याऐवजी पॉपकॉर्न आणायला उठले, की ते पात्र संपलं.

म्हणून कंपनीला सतत एकच गोष्ट शोधावी लागते: लोकांना सध्या कोणाचा राग येतोय? आणि राग बहुतेक वेळा बिनचेहऱ्याचा असतो. महागाईला थोबाड नसतं. कारखाना बंद करायचा निर्णय कुठल्यातरी लांबच्या शहरात, कुठल्यातरी बैठकीत होतो, तिथे जाऊन कोणाची कॉलर धरणार? कुस्ती त्या रागाला एक चेहरा देते, त्याला झगमगीत कपडे घालते आणि तिकीट काढलेल्या माणसाच्या समोर उभा करते. घाल शिव्या.

## सगळ्यात सोपा चेहरा: परका माणूस

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी रिंगणं जर्मन खलनायकांनी भरली. त्यातला गाजलेला फ्रिट्झ फॉन एरिक खरा टेक्ससचा, हान्स श्मिट खरा कॅनडाचा. शीतयुद्धात सोव्हिएत राष्ट्रगीत म्हणून लोकांना भडकवणारा निकोलाय वोल्कॉफ युगोस्लावियातल्या स्प्लिट गावचा. पासपोर्ट कोणाला बघायचाय?

आयर्न शेख मात्र खरोखर इराणचा होता. तेहरानमधल्या अमेरिकी वकिलातीत ५२ माणसं ४४४ दिवस ओलीस राहिली. जानेवारी १९८१ मध्ये ती सुटली, पण अमेरिकी माणसाच्या मनातला अपमान सुटला नव्हता. डिसेंबर १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये कंपनीने शेखला विजेता केलं आणि महिन्याच्या आत, २३ जानेवारी १९८४ ला, त्याच जागी होगनने त्याला पाडलं. होगनच्या लाटेची सुरुवात तिथली. चाळीस वर्षांनी मिलवॉकीत फाटलेल्या बनियनचं मूळही तिथलंच.

हे उलट्या दिशेनेही चालतं. हरलेल्या जपानमध्ये १९५४ साली रिकिदोझान नावाच्या कुस्तीगीराने शार्प बंधू या गोऱ्या जोडीशी झुंज दिली, तेव्हा रस्त्यांवर लावलेल्या टीव्हींपुढे झुंबड उडाली. अमेरिकेच्या ताब्यातून देश सुटून दोन वर्षं झाली होती. गोऱ्या माणसाला आपला माणूस तळहाताचे तडाखे देतोय, हे पाहणाऱ्याला काय वाटलं असेल! गंमत अशी, की शार्प बंधू कॅनडाचे होते आणि रिकिदोझान जन्माने कोरियाचा.

आपल्याशी संबंध येतो तो जिंदर महालमुळे. तो कॅनडातल्या कॅलगरीचा पंजाबी. २०१७ मध्ये, डब्ल्यूडब्ल्यूईला (डब्ल्यूडब्ल्यूएफचंच नवं नाव) भारतीय बाजार खुणावत असताना, तो विजेता झाला. अमेरिकी गर्दीपुढे तो पंजाबीत बोलायचा आणि "मी वेगळा दिसतो म्हणून तुम्ही मला हिणवता" असं सुनवायचा. गर्दी हुर्यो करायची. तोच माणूस त्या डिसेंबरात दिल्लीत आला तेव्हा नायक होता.

## पण पोटाचं काय? डस्टीची गोष्ट

परक्यावरचा राग स्वस्तात मिळतो. मला जास्त मोलाचा वाटतो तो १९८५ मधला एक साडेतीन-चार मिनिटांचा प्रसंग, ज्यात कोणी कोणाला हातही लावत नाही.

डस्टी ऱ्होड्स टेक्ससचा, प्लंबरचा पोरगा. पोट सुटलेलं, अंगावर डाग, जीभ जरा बोबडी. शरीराकडे बघून कोणी पैलवान म्हणणार नाही. त्याच्यासमोर रिक फ्लेअर: सोनेरी केस, रोलेक्स घड्याळ, मगरीच्या कातड्याचे बूट, आणि आपण कसे खासगी विमानाने फिरतो याच्या बढाया. त्यांची कंपनी उत्तर कॅरोलिनातल्या शार्लटची. तो सगळा पट्टा कापडगिरण्यांचा, आणि ऐंशीच्या दशकात तिथल्या गिरण्या आयात कापडापुढे टिकेनात, एकेक बंद पडत होत्या. (साधारण त्याच काळात मुंबईत गिरणगाव मोडत होतं. जानेवारी १९८२ च्या संपात अडीच लाख कामगार उतरले आणि त्यांतल्या पुष्कळांना गिरणीचा भोंगा पुन्हा ऐकायला मिळाला नाही. कारणं वेगळी, घरातली चूल तीच.)

कथेनुसार फ्लेअर आणि त्याच्या टोळीने डस्टीचा घोटा मोडला होता. बरा होऊन तो कॅमेऱ्यासमोर आला. आता त्याने "तुला बघून घेतो" म्हणायचं, अशी रीत. तो म्हणाला, कठीण दिवस म्हणजे काय ते तुला माहीत नाही. देशभर कापडगिरण्यांतले कामगार घरी बसलेत, पोरांना खायला काय घालायचं त्यांना कळत नाही. मोटार कारखान्यातल्या माणसांना घरी जा म्हणून सांगितलंय. एखादा माणूस तीस वर्षं एका जागी राबतो, मग त्याच्या हातात घड्याळ ठेवतात, ढुंगणावर लाथ घालतात आणि सांगतात, बाबा रे, तुझ्या जागी आता कॉम्प्युटर आलाय. आणि मग, रिक फ्लेअर, या देशावर हे कठीण दिवस तू आणलेस.

आता तर्काने बघितलं तर हा अन्याय आहे. बिचाऱ्या फ्लेअरने गिरणी कुठे बंद केली? पण गिरणी बंद करणारा समोर येत नाही आणि फ्लेअर येतो, मनगटावर सोन्याचं घड्याळ मिरवत. निवृत्तीला मिळालेलं घड्याळ आणि फ्लेअरचं घड्याळ, दोन्ही एका वाक्याच्या अंतरावर. शेवटी डस्टी कॅमेऱ्याकडे हात पुढे करतो आणि सांगतो, घरी बसलेल्या तुम्हीही हात पुढे करा, माझा हात तुमच्या हाताला लागलाय असं समजा.

त्या नोव्हेंबरात मोठी लढत झाली. डस्टीने फ्लेअरला पाडलं, लोक नाचले, आणि नंतर नियमावर बोट ठेवून निकाल फिरवला गेला. विजेत्याचा पट्टा फ्लेअरकडेच. जिंकवून मग कागदावर हरवायच्या या युक्तीला कुस्तीच्या धंद्यात आजही डस्टीचंच नाव आहे. मंजूर झालेला दावा "एक सही राहिली" म्हणून परत आलेल्या कोणालाही ती समजावून सांगावी लागत नाही.

एक मात्र कबूल करायला हवं. त्याच गिरणीपट्ट्यात फ्लेअरचे चाहतेही खूप होते. श्रीमंताला शिव्या देणारा माणूस मनातल्या मनात त्याचे बूटही घालून बघत असतो.

## पैशाने सगळं विकत घेणारा

१९८७ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने टेड डीबियासीला "मिलियन डॉलर मॅन" केलं. प्रत्येकाची किंमत असते, हे त्याचं ब्रीद. एका प्रसंगात तो एका लहान मुलाला सांगतो, हा चेंडू लागोपाठ पंधरा वेळा टप्पे घेत उडवलास तर पाचशे डॉलर. मुलगा चौदापर्यंत येतो आणि डीबियासी चेंडूला लाथ मारतो. मुलगा रिकाम्या हाताने जातो. त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला अमेरिकी शेअर बाजार एका दिवसात २२ टक्क्यांहून जास्त कोसळला. रेगन यांच्या काळातल्या चंगळीवर इतकं नेमकं व्यंगचित्र मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

## आणि मग मालक स्वतःच खलनायक झाला

नव्वदच्या दशकाच्या शेवटी डब्ल्यूडब्ल्यूएफचा खरा मालक व्हिन्स मॅकमन पडद्यावर "मिस्टर मॅकमन" नावाचा दुष्ट मालक म्हणून उतरला. समोर स्टोन कोल्ड स्टीव्ह ऑस्टिन: टक्कल, काळी चड्डी, हातात बिअरचा कॅन, तोंडात शिवी. भांडण पट्ट्याचं कमी, वागण्याचं जास्त. मालकाचं म्हणणं, माझा विजेता सुटाबुटात, नीट बोलणारा, कंपनीला शोभणारा हवा. ऑस्टिन सूट घालून येतो, फोटोला उभा राहतो आणि मालकालाच हाणतो. एप्रिल १९९८ मध्ये या दोघांची लढत होणार म्हटल्यावर, दीड वर्षाहून जास्त काळ पुढे असलेल्या प्रतिस्पर्धी वाहिनीला डब्ल्यूडब्ल्यूएफने पहिल्यांदा मागे टाकलं.

२२ मार्च १९९९ चा प्रसंग तर कळसच. ऑस्टिन बिअरचा ट्रक चालवत थेट स्टेडियममध्ये घुसतो, टपावर चढतो, जाडजूड पाइप हातात घेतो आणि रिंगणात उभ्या असलेल्या मालकावर, त्याच्या मुलावर आणि त्यांच्या लाडक्या विजेत्यावर फवारा सोडतो. मॅकमन महागड्या सुटात त्या बिअरच्या तळ्यात पालथा पडून हातपाय मारतो. लोक खुर्च्यांवर उभे.

## तेव्हा तर अमेरिकेत तेजी होती ना?

होती. १९९८ मध्ये बेकारी साडेचार टक्क्यांच्या आसपास होती. पण त्या तेजीच्या आधी आणि तेजीतही मोठमोठ्या कंपन्यांनी माणसं कमी केली होती. आयबीएमने १९९३ मध्ये ६० हजार आणि एटी अँड टीने १९९६ मध्ये ४० हजार जागा कमी करायचं जाहीर केलं. नोकरी मिळायची, पण ती उद्या असेल का हे कोणी सांगायचं नाही. शिवाय साहेबाचा राग यायला बेकार व्हावं लागत नाही. सोमवारी दिवसभर "होय सर" म्हटलेला माणूस सोमवारी रात्रीच हा कार्यक्रम बघायचा. वेळ काय अचूक साधली होती!

## मालकच मार खातोय, तर मालकाचं नुकसान?

इथे मला हसू येतं. बिअरच्या आंघोळीनंतर सात महिन्यांनी, १९ ऑक्टोबर १९९९ ला, कंपनीचे शेअर बाजारात आले आणि मॅकमन कागदोपत्री अब्जाधीश झाला. मालकाला बडवण्याचं तिकीट मालकच विकत होता.

आणि रिंगणातले खरे कामगार? कंपनीच्या लेखी कुस्तीगीर नोकरदार नाहीत, कंत्राटी आहेत. त्यांची युनियन नाही. जेसी व्हेंचुरा या कुस्तीगीराने १९८६ मध्ये ड्रेसिंग रूममध्ये युनियनचा विषय काढला होता. ती गोष्ट बारगळली. पुढे त्याने मानधनावरून कंपनीला कोर्टात खेचलं, तेव्हा साक्षीत बाहेर आलं की मालकाला ही खबर होगनने दिली होती, असं व्हेंचुरा सांगत आला आहे. तोच व्हेंचुरा १९९८ मध्ये दोन्ही मोठ्या पक्षांना हरवून मिनेसोटाचा गव्हर्नर म्हणून निवडून आला. कुस्तीच्या रिंगणातला राग मतपेटीत जाऊ शकतो, याचा तो पहिला ठळक पुरावा.

## म्हणजे लोकांना हवं तसं खेळवता येतं?

नेहमी नाही. १९९१ च्या आखाती युद्धात कंपनीने सार्जंट स्लॉटर या जुन्या देशभक्त पात्राला इराकच्या बाजूने उभं केलं. विमानहल्ले सुरू होऊन दोनच दिवस झाले होते आणि त्याला विजेता केलं. होगनने त्याला हरवायचं, तेही लॉस एंजेलिसच्या प्रचंड खुल्या मैदानात, असा बेत. ऐन वेळी कार्यक्रम शेजारच्या छोट्या बंदिस्त सभागृहात हलवला. कंपनी म्हणाली सुरक्षेचं कारण, टीकाकार म्हणाले तिकिटं खपली नाहीत. खऱ्या युद्धावर असा धंदा केलेला पुष्कळांना रुचला नव्हता.

२००५ मध्ये मोहम्मद हसन हे पात्र होतं. ९/११ नंतर आपल्याला संशयाने वागवतात, अशी तक्रार करणारा अरब अमेरिकी. तक्रार रास्त, तरीही खलनायक! त्याच्या साथीला तोंडं झाकलेल्या पुरुषांची टोळी आल्याचा भाग अमेरिकेत दाखवला गेला तो दिवस ७ जुलै, लंडनच्या बॉम्बस्फोटांचा. वाहिनीने ते पात्रच बंद करायला लावलं. ते करणारा नट इटालियन वंशाचा होता.

कधी गर्दीच कंपनीवर उलटते. २०१४ मध्ये बुटक्या, दाढीवाल्या डॅनियल ब्रायनला कथेतले मालक "बी प्लस" म्हणून हिणवत होते. लोकांना तो हवा होता, कंपनीच्या मनात मोठ्या लढतीसाठी दुसरेच दोघे होते. गर्दीने आठवडेच्या आठवडे कंपनीच्या पसंतीच्या माणसाची हुर्यो उडवली. मार्चमध्ये एका भागात ब्रायनचे पाठीराखे रिंगणात घुसून बसले. तो प्रसंग कथेतलाच, पण तीन वर्षांपूर्वी बड्या धनिकांविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये ठिय्या मारून बसलेल्या "ऑक्युपाय वॉल स्ट्रीट" आंदोलनाची ती उघड नक्कल होती. एप्रिलमध्ये ब्रायन विजेता झाला. इथे बेत बदलला तो गर्दीने.

## ट्रम्प यांनी यातून काय घेतलं?

२००७ साली ट्रम्प आणि मॅकमन यांच्यात "अब्जाधीशांची लढाई" झाली. दोघांनी एकेक कुस्तीगीर उभा केला, ज्याचा हरेल त्याचं मुंडण. त्या आधी एका कार्यक्रमात ट्रम्प मोठ्या पडद्यावर आले आणि छतातून नोटा पडू लागल्या. त्या पकडायला हजारो हात वर. इकडे अब्जाधीश, तिकडे अब्जाधीश, आणि गर्दीने एकाला आपला मानलं, कारण तो दुसऱ्याला उर्मट मालक म्हणत होता. मुंडण मॅकमनचं झालं. ट्रम्प यांचं राजकारण सगळं कुस्तीतून आलं असं मी म्हणणार नाही, तो आळस होईल. पण लोकांचा राग नेमका कोणाच्या तोंडावर चिकटवायचा हे त्यांना त्या रिंगणात फार जवळून बघायला मिळालं.

## राग असा हवेत विरला, तर बदल कसा होणार?

हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. दोन तास शिव्या घालून माणूस हलका होऊन घरी जातो, सकाळी परत "होय सर". डस्टीच्या त्या भाषणाने एकही गिरणी उघडली नाही.

मात्र मेक्सिकोत एकदा उलटं घडलं. तिथे कुस्तीला लुचा लिब्रे म्हणतात आणि मुखवटा ही तिची जान. सप्टेंबर १९८५ च्या भूकंपाने मेक्सिको सिटीतली हजारो कुटुंबं उघड्यावर आली. पुढे घरमालकांनी भाडेकरूंना हुसकायला सुरुवात केली, तेव्हा १९८७ मध्ये वस्त्यांमधून एक माणूस फिरू लागला: लाल घट्ट पोशाख, पिवळी चड्डी, कुस्तीगीराचा मुखवटा. नाव सुपरबॅरिओ, म्हणजे वस्तीचा महावीर. तो एकाही पट्ट्यासाठी लढला नाही. कुठे कुटुंबाला बाहेर काढतायत असं कळलं की तो जायचा, शेजाऱ्यांना गोळा करायचा आणि दारात उभा राहायचा. मोर्चांच्या पुढे चालायचा, सरकारी कचेरीत अधिकाऱ्यासमोर मुखवट्यासकट बसायचा. घर वाचवायला बोलावणाऱ्या भाडेकरणींनी मुखवट्याआड कोण आहे हे विचारलं नाही, आणि अधिकाऱ्यांना ते कळलं नाही.